'अंगावरून वारे गेले' म्हणजे नेमके काय झाले? पक्षाघाताचे कारण शोधणारे रक्तवाहिन्यांचे चित्रण

मराठीत पक्षाघाताला 'अंगावरून वारे जाणे' म्हणतात. 'अर्धांगवायू' या शब्दातही वायूच आहे. हे शब्द रूढ झाले तेव्हा कवटीच्या आत पाहण्याचे कोणतेही साधन नव्हते. दिसत होते ते एवढेच, की काल शेतात राबणारा माणूस आज सकाळी उठला तो एक हात, एक पाय आणि अर्धा चेहरा निकामी होऊन. अशा वेळी वाऱ्याला दोष देणे स्वाभाविक होते. आज ते 'वारे' कोणत्या रक्तवाहिनीत अडले, तेथे कोठून आले आणि पुन्हा येण्याची भीती किती, हे रक्तवाहिन्यांच्या चित्रणावरून पुष्कळ अंशी सांगता येते. तरीही अनेक रुग्ण घरी परततात तेव्हा त्यांच्या कागदावर निदान म्हणून 'सीव्हीए' एवढेच लिहिलेले असते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत काहीतरी बिघडले, इतकाच त्याचा अर्थ. काय बिघडले, हे त्यात नाही.

पुढचे उपचार मात्र त्या 'काय'वरच अवलंबून असतात. मानेतील रोहिणी चरबीच्या थराने अरुंद झाली असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो, आणि तो लवकर करावा लागतो. हृदयात तयार झालेली गुठळी वर गेली असेल तर ॲस्पिरिनने फारसे संरक्षण मिळत नाही. रक्त गोठण्याची प्रक्रिया मंदावणारी निराळी औषधे लागतात. वाहिनीच्या भिंतीला क्षयाने किंवा अन्य दाहाने ग्रासले असेल तर या दोहोंपैकी कशानेही मूळ रोग थांबत नाही. वाकडा चेहरा आणि लुळा हात मात्र तिन्ही रुग्णांत सारखाच दिसतो.

पहिला अर्धा तास

पक्षाघाताचे दोन मुख्य प्रकार. एकात रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. दुसऱ्यात वाहिनी बंद होऊन मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो. बहुसंख्य रुग्ण दुसऱ्या, म्हणजे अवरोधजन्य प्रकारचे असतात आणि हा लेख त्यांच्यापुरताच आहे. मोठी वाहिनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला आणि तेव्हापासून तो जगभर उद्धृत केला जातो. काणकोणहून किंवा सत्तरीच्या एखाद्या आतल्या गावातून बांबोळीला पोहोचेपर्यंत जाणारा वेळ या हिशेबात मोजून पाहावा. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करण्याऐवजी आधी मालीश करणारा शोधण्यात गेलेला वेळ तर त्याहून महाग पडतो.

रुग्णालयात पोहोचल्यावर पहिली तपासणी म्हणजे डोक्याचा साधा सीटी स्कॅन. त्यातून रक्तस्राव आहे की नाही, हे तत्काळ कळते. येथे एक गैरसमज फार आढळतो. 'सीटी नॉर्मल आला' असे ऐकून नातेवाईक निश्चिंत होतात. वस्तुतः अवरोधजन्य पक्षाघातात पहिल्या काही तासांत साधा सीटी पुष्कळदा जवळपास निर्दोष दिसतो, कारण मृत होत चाललेल्या ऊतीचा रंग बदलायला वेळ लागतो. मेंदूच्या मागील व खालच्या भागात तर आजूबाजूच्या जाड हाडांमुळे हे चित्र आणखीच अस्पष्ट येते. लक्षणे असताना आलेला निर्दोष सीटी एवढेच सांगतो, की रक्तस्राव नाही. कधी कधी त्याच साध्या सीटीत एखादी रोहिणी आजूबाजूच्या मानाने अधिक पांढरी, ठसठशीत दिसते. ती आत अडकलेली ताजी गुठळी असते. अनुभवी डोळ्यांना ती खूण पुरते. पण तिच्यावर विसंबून राहण्याची आता गरज उरलेली नाही.

कारण दुसरी पायरी त्याच टेबलावर, त्याच यंत्रात पार पडते. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त छायाद्रव्य वेगाने सोडले जाते आणि ते रोहिण्यांतून वर जात असताना छातीतील महारोहिणीच्या कमानीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत चित्रे टिपली जातात. हीच सीटी अँजिओग्राफी. प्रत्यक्ष चित्रण काही सेकंदांचे, सारी तयारी धरली तरी काही मिनिटांचे काम. छायाद्रव्य मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडाच्या जुन्या विकाराची वा छायाद्रव्याच्या ॲलर्जीची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. मात्र असा कोणताही पूर्वेतिहास नसेल, तर क्रिएटिनिनच्या अहवालासाठी थांबून वेळ घालवू नये, अशीच आजची सर्वमान्य भूमिका आहे.

या चित्रणाची निकड २०१५ साली एकाएकी वाढली. तोपर्यंत मुख्य उपचार होता तो शिरेतून गुठळी विरघळवणारे औषध देण्याचा. अमेरिकेतील १९९५च्या चाचणीने त्याला ३ तासांची मुदत घातली होती, युरोपातील २००८च्या चाचणीने ती साडेचार तासांवर नेली. हे औषध देण्यासाठी रक्तस्राव नाही एवढे कळले तरी चालत असे. पण मोठ्या वाहिनीतील लांब गुठळी त्याने क्वचितच विरघळते. २०१५ साली एकामागून एक प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनी सिद्ध केले, की जांघेतील रोहिणीतून नळी वर नेऊन ती गुठळी ओढून काढली तर रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा राहण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते. त्यांपैकी नेदरलँड्समधील पहिल्या चाचणीत स्वावलंबी जीवन जगू शकणाऱ्यांचे प्रमाण १९ टक्क्यांवरून सुमारे ३३ टक्क्यांवर गेले. २०१८ साली ही संधी निवडक रुग्णांसाठी २४ तासांपर्यंत वाढली. आता गुठळी ओढायची तर ती कोठे आहे, तिच्यापर्यंतची वाट मोकळी आहे का, हे आधी दिसले पाहिजे. जो रुग्णालयविभाग आजही केवळ साध्या सीटीवर थांबतो, तो ही संधी न पाहताच दवडतो, असे म्हणावे लागते.

लिस्बनमधील एक क्ष-किरण चित्र

जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिण्या पहिल्यांदा पाहिल्या त्या पोर्तुगालची राजधानी लिस्बनमध्ये, २८ जून १९२७ रोजी. पाहणारे होते एगास मोनिझ. मेंदूविकारतज्ज्ञ, एकेकाळचे पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री, आणि गोमंतकीयांना विशेष वाटावे असे, की आपल्या कांदोळीत जन्मलेल्या आबे फारियांवर ग्रंथ लिहिणारे लेखक. संमोहनशास्त्राच्या इतिहासातील फारियांचे स्थान सांगणारा त्यांचा तो ग्रंथ १९२५ साली, म्हणजे या प्रयोगाच्या दोनच वर्षे आधी निघाला. पणजीत फारियांचा पुतळा उभा राहिला तो १९४५ साली. त्याच्या वीस वर्षे आधी त्यांची दखल घेणारा हा माणूस मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या शोधात होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

मोनिझ यांच्या हातांना संधिवाताने ग्रासले होते, म्हणून प्रत्यक्ष सुई टोचण्याचे काम त्यांचे तरुण सहकारी आल्मेदा लिमा करीत. मानेतील रोहिणी उघडी करून तीत द्रव सोडायचा आणि त्याच क्षणी क्ष-किरण चित्र घ्यायचे. आधीच्या प्रयत्नांत वापरलेल्या ब्रोमाइडच्या द्रावणाने एका रुग्णाचा जीवही गेला. मग त्यांनी सोडियम आयोडाइड निवडले. आजच्या छायाद्रव्यातले आयोडीन त्याच परंपरेतले आहे. त्यांचा मूळ हेतू पक्षाघात शोधण्याचा नव्हता; गाठीमुळे रोहिण्या बाजूला ढकलल्या जातात, त्यावरून गाठीची जागा ओळखावी, एवढेच त्यांच्या मनात होते. पण पद्धत हाती आल्यावर तिने न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे दिली. १९३७ साली मोनिझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धांगवायूच्या अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या मानेतील आतली रोहिणीच गुठळीने बंद झालेली चित्रात दिसत होती. रोग डोक्यात आणि कारण गळ्यात, ही गोष्ट जिवंत रुग्णात अशी डोळ्यांनी दिसली.

मोनिझ यांना १९४९ साली नोबेल मिळाले ते यासाठी नव्हे. मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढील भागातील तंतू छेदण्याच्या, आज त्याज्य ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी मिळाले. ज्या कामासाठी तो सन्मान द्यायला हवा होता ते काम मात्र आजही रोज जगभरातल्या रुग्णालयांत चालू आहे.

मानेतल्या या रोहिणीचे महत्त्व पुढे नेले कॅनडाचे मिलर फिशर यांनी. १९५१च्या लेखात त्यांनी दाखवले, की मानेतील रोहिणी हळूहळू अरुंद होत असताना रुग्णाला आधी क्षणिक सूचना मिळतात: एका डोळ्यासमोर काही मिनिटे पडदा येणे, हात थोडा वेळ जड होऊन पुन्हा ठीक होणे. या सूचना आजही अनेक घरांत 'गॅस झाला होता' म्हणून सोडून दिल्या जातात. २०००मधील एका अमेरिकी पाहणीत अशा क्षणिक झटक्यानंतर ९० दिवसांत सुमारे १० टक्के रुग्णांना पूर्ण पक्षाघात झाला आणि त्यांपैकी निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच झाला. म्हणून लक्षणे आपोआप गेली तरी वाहिन्यांचे चित्रण पुढे ढकलायचे नसते.

चार वाटा, एक वर्तुळ

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पंधरा ते वीस टक्के भाग त्याला लागतो. हे रक्त चार वाटांनी वर चढते. मानेच्या पुढील भागात दोन्ही बाजूंना कॅरोटिड रोहिण्या आणि मागे मणक्यांच्या छिद्रांतून जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल रोहिण्या. मागच्या दोघी कवटीत एकत्र येऊन एकच बेसिलर रोहिणी होते. मेंदूच्या तळाशी हे सारे प्रवाह एका कड्याने जोडलेले असतात. थॉमस विलिस यांनी १६६४ साली वर्णन केलेले ते कडे प्रत्येकात पूर्ण असतेच असे नाही. किंबहुना बऱ्याच जणांत त्याचा एखादा दुवा बारीक किंवा गायबच असतो. एकाच ठिकाणी रोहिणी बंद होऊनही एकाला थोडी बधिरता येते आणि दुसरा अंथरुणाला खिळतो, याचे एक कारण या पर्यायी वाटांत आहे. त्या किती भरल्या आहेत हे पाहण्यासाठी आता अनेक ठिकाणी छायाद्रव्य सोडल्यावर काही सेकंदांच्या अंतराने दोन-तीन वेळा चित्रे घेतात.

हे थोडे उशिराचे चित्र आणखी एका फसगतीपासून वाचवते. गुठळी जर कॅरोटिड रोहिणीच्या अगदी वरच्या टोकाला अडकली असेल तर तिच्या खालचे रक्त जागच्या जागी थबकते, छायाद्रव्य तेथपर्यंत पोहोचतच नाही आणि पहिल्या चित्रात मानेतील सबंध रोहिणी बंद असल्यासारखी दिसते. कारण मानेत आहे, असा निष्कर्ष निघतो आणि तो चुकीचा असतो. उशिराच्या चित्रात छायाद्रव्य हळूहळू वर सरकलेले दिसले की खरी जागा कळते.

गुठळी कोठे अडली, यावरून ती कोठून आली हे कळते

चित्रातील सर्वांत रंजक भाग हाच. वाहत आलेली गुठळी रोहिणीला फाटा फुटतो तेथे अडकते. ओहोळातून वाहत आलेला ओंडका दोन वाटा होतात त्या जागी आडवा पडतो, तशी. चित्रात तेथे वाहिनी एकदम, सुरीने कापल्यासारखी संपते आणि अलीकडची भिंत गुळगुळीत असते. याउलट, त्याच जागी वर्षानुवर्षे चरबीचा थर साचून वाहिनी बंद झाली असेल तर अडथळा बहुधा फाट्यावर नसून सरळ खोडात असतो, कडा निमुळत्या आणि खडबडीत असतात, इतर वाहिन्यांतही तसेच थर दिसतात. गुठळी ओढून काढल्यावर वाहिनी काही मिनिटांतच पुन्हा बंद होऊ लागली, तर आत मूळचीच अरुंदी आहे असा संशय बळावतो.

मेंदूतील डागांची मांडणीही बोलते. एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात ताजा डाग काही मिनिटांतच चमकू लागतो. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, पुढे-मागे विखुरलेले ताजे डाग दिसले तर एकाच रोहिणीला दोष देता येत नाही. गुठळ्या उगमातून, म्हणजे हृदयातून किंवा महारोहिणीतून येत आहेत. दोन रोहिण्यांच्या क्षेत्रांच्या सीमेवर, जणू बांधावर, डागांची माळ असेल तर मानेतील रोहिणी अरुंद होऊन दाब कमी पडला असावा. खोलवर एकच, दीड सेंटिमीटरहून लहान डाग असेल तर तो केसासारख्या बारीक रोहिणीचा विकार मानला जातो. दीर्घकाळचा उच्च रक्तदाब आणि मधुमेह ही त्याची नेहमीची कारणे. या बारीक रोहिण्या मिलिमीटरच्या अंशाइतक्या असतात आणि सीटी अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. त्यामुळे हे निदान थेट पाहून होत नाही. मोठ्या वाहिन्या व हृदय निर्दोष ठरल्यावर, अनुमानाने होते. म्हणूनच 'छोटाच डाग आहे' म्हणून मोठ्या वाहिन्यांचे चित्रण टाळणे चुकीचे. मोठ्या रोहिणीच्या भिंतीवरील थर बारीक फांदीच्या तोंडावरच बसला तरी डाग छोटाच उमटतो.

१९९३ साली एका अमेरिकी औषधचाचणीसाठी तयार झालेली 'टोस्ट' वर्गवारी आजही कारणांच्या नोंदीसाठी वापरतात. मोठ्या रोहिणीतील चरबीचे थर, हृदयातून आलेली गुठळी, बारीक रोहिणीचा विकार, अन्य निश्चित कारण आणि अनिश्चित कारण, असे तिचे पाच कप्पे. पहिल्या कप्प्यासाठी रोहिणी निम्म्याहून अधिक अरुंद असावी लागते. ही अट सोयीची असली तरी थोडी ढोबळच आहे. चाळीस टक्के अरुंदी करणारा पण ठिसूळ, फुटलेला थरही गुठळ्या सोडू शकतो.

मानेतील अरुंदीचे मोजमाप मात्र जपून व्हायला हवे, कारण त्यावर शस्त्रक्रिया ठरते. उत्तर अमेरिकेतील १९९१च्या मोठ्या चाचणीत ७० ते ९९ टक्के अरुंदी असलेल्या, लक्षणे येऊन गेलेल्या रुग्णांत केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. रोहिणी साफ करण्याची शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. हा लाभ पहिल्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली तर सर्वाधिक, आणि नंतर घटत जातो. रोहिणी १०० टक्के बंद झाली असेल तर ही शस्त्रक्रिया करीत नाहीत. म्हणजे ९९ आणि १०० यांतील फरक येथे फार मोठा आहे.

भारतीयांत, आणि एकूणच आशियाई लोकांत, मानेपेक्षा कवटीच्या आतील रोहिण्यांना अरुंदी येण्याचे प्रमाण पाश्चात्त्यांहून अधिक आढळते. त्यामुळे नुसता मानेचा डॉपलर करून 'रक्तवाहिन्या ठीक' असा निर्वाळा देणे आपल्याकडे विशेष धोक्याचे. आतली अरुंदी दिसल्यावर तेथे स्टेंट बसवण्याचा आग्रह नातेवाईक धरतात. हृदयाच्या अँजिओप्लास्टीची सवय झाल्याने तो समजण्यासारखा आहे. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत स्टेंट बसवलेल्यांपैकी १४.७ टक्क्यांना ३० दिवसांत पक्षाघात वा मृत्यू आला, तर काटेकोर औषधोपचारांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ५.८ टक्के राहिले. मेंदूतील रोहिणीच्या भिंतीतून जीवनावश्यक बारीक फांद्या निघतात आणि स्टेंटने सरकलेला थर त्यांची तोंडे बंद करू शकतो. हृदयाचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

तरुण रुग्ण आणि वेगळी कारणे

पंचेचाळिशीच्या आतला, रक्तदाब-मधुमेह नसलेला रुग्ण आला की चित्रणाकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते. अशा रुग्णांत मानेतील रोहिणीच्या भिंतीचा आतला पदर फाटणे हे महत्त्वाचे कारण. फाटलेल्या पदरामागे रक्त शिरते, वाहिनीची पोकळी मेणबत्तीच्या ज्योतीसारखी निमुळती होत जाते. मानेत वा डोक्याच्या मागे अचानक उठलेली कळ आणि काही तासांनी वा दिवसांनी पक्षाघात, असा क्रम असतो. अपघात, जोराचा झटका, मान एकदम वळवणे ही त्याची निमित्ते. केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेण्याची आपल्याकडची सवय या दृष्टीने निरुपद्रवी नाही, आणि त्यात आराम वाटतो म्हणून ती बरी ठरत नाही.

महारोहिणी व तिच्या मुख्य फांद्यांची भिंत दाहाने जाड होऊन अरुंद करणारा ताकायासू रोग भारतात तरुण स्त्रियांत आढळतो. मनगटाची नाडी न लागणे, दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक असणे, या साध्या खुणा. चित्रण महारोहिणीच्या कमानीपासून सुरू केले नाही तर तो निसटतो. क्षयजन्य मेंदूज्वरात मेंदूच्या तळाच्या रोहिण्या चिकट स्रावात गुरफटून बंद होतात. ताप, डोकेदुखी आणि मग पक्षाघात असा क्रम असेल तर क्षयाचा विचार पहिल्यांदा व्हावा. मोयामोया या विकारात कॅरोटिड रोहिण्यांची टोके बंद होत जातात आणि तळाशी बारीक वाहिन्यांचे जाळे वाढते. १९६९ साली जपानी डॉक्टरांनी चित्रात दिसणाऱ्या त्या जाळ्याला धुराच्या लोटाची उपमा दिली, आणि तेच त्याचे नाव झाले.

अशा वेळी वाहिनीच्या पोकळीचे चित्र अपुरे पडते. अरुंदी दिसते, ती चरबीची, दाहाची की फाटलेल्या पदराची, हे पोकळी सांगत नाही. त्यासाठी भिंतीचेच चित्र घेणारी एमआरआयची विशेष पद्धत आहे. दाहात भिंत चहूबाजूंनी सारखी जाड व चमकदार दिसते. चरबीचा थर एका बाजूला असतो. फाटलेल्या भिंतीत रक्ताची कोर अर्धचंद्रासारखी उमटते. ही सोय अजून मोजक्याच केंद्रांत आहे.

कोणती तपासणी काय सांगते, काय सांगत नाही

डॉपलर सोनोग्राफी स्वस्त, निर्धोक आणि खाटेपाशी होणारी. मानेतील फाट्यापुरती ती उत्तम. पण करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून, आणि कवटीच्या आत तिची पोहोच मर्यादित. कानाच्या वरच्या पातळ हाडातून मेंदूच्या रोहिण्यांतील वेग मोजण्याची युक्ती १९८२ साली साध्य झाली. तिचा वेगळा उपयोग असा, की वाहत जाणाऱ्या सूक्ष्म गुठळ्यांचा आवाज तीत प्रत्यक्ष ऐकू येतो.

एमआर अँजिओग्राफी छायाद्रव्याशिवाय होऊ शकते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांना सोयीची. पण ती वाहत्या रक्ताचा संकेत पकडते; जेथे प्रवाह खवळतो वा मंदावतो तेथे संकेत नाहीसा होतो आणि साठ टक्क्यांची अरुंदी नव्वदची वाटू शकते. त्यामुळे तिच्या एकट्या अहवालावर शस्त्रक्रिया ठरवू नये. मोनिझ यांच्या पद्धतीची थेट वारस असलेली डीएसए, म्हणजे नळी वर नेऊन केलेली अँजिओग्राफी, आजही सर्वांत तपशीलवार. मात्र नळीमुळेच पक्षाघात होण्याचा अल्प का होईना धोका तीत असतो. निव्वळ निदानासाठी ती आता क्वचित केली जाते.

हृदयाची तपासणी या सर्वांना पूरक. हृदयाचे ठोके अनियमित करणारा एट्रियल फिब्रिलेशन हा विकार येऊन-जाऊन असतो. रुग्णालयातल्या एका ईसीजीत तो सापडला नाही म्हणजे नाही असे ठरत नाही. २०१४च्या दोन चाचण्यांनी दाखवले, की आठवडे किंवा महिने ठोके नोंदवत राहिल्यास तो नेहमीच्या तपासणीपेक्षा कितीतरी अधिक रुग्णांत हाती लागतो. संधिज्वराने हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजून आहेत. त्यांच्यात फिब्रिलेशन असेल तर नव्या गोळ्यांपेक्षा जुनी, रक्तचाचणी करत घ्यावी लागणारी औषधेच सरस ठरली, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय चाचणीत आढळले.

एवढे करूनही बऱ्याच रुग्णांत कारण सापडत नाही. चौथ्या भागाच्या आसपास रुग्ण या कप्प्यात उरतात. अशांना गुठळी हृदयातूनच आली असावी असे गृहीत धरून रक्त पातळ करण्याची औषधे देण्याचा मोह होतो. २०१८ आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी तो फोल ठरवला: ॲस्पिरिनच्या तुलनेत पक्षाघात कमी झाले नाहीत, आणि पहिल्या चाचणीत रक्तस्राव मात्र वाढले. अंदाजावर दिलेले प्रबळ औषध कारणाची जागा घेत नाही.

कारण सापडले नाही असा शेरा असेल तर आधी काय काय पाहिले गेले, हे विचारावे. महारोहिणीच्या कमानीपासून माथ्यापर्यंतच्या सर्व रोहिण्या, हृदयाचा इको आणि लांब मुदतीची ठोक्यांची नोंद, यांपैकी एकही बाकी असेल तर कारण 'सापडले नाही' नसून शोधलेच गेले नाही. चित्रणाची सीडीही मागून घ्यावी. फिल्मवर शेकडो चित्रांतली मोजकीच छापलेली असतात आणि दुसऱ्या तज्ज्ञाला मूळ चित्रे फिरवून पाहावी लागतात. तिचा उपयोग पुढेही होतो. फाटलेल्या रोहिणीचा संशय असेल तर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा चित्रण करतात; भिंतीचा पदर या काळात बहुधा भरून येतो, आणि तेव्हा निमुळती दिसलेली रोहिणी नव्या चित्रात पूर्ववत दिसली, तर पहिल्या दिवशीचे निदान जुनी सीडी शेजारी ठेवूनच पक्के करता येते.